एकशे अडतीस दिवस

“आता काय पळायचं वय ऱ्हायलंय व्हय गं तुझं?” मे महिन्यातल्या एका पहाटे शेजारच्या काकींनी सडा टाकता टाकता विचारलं. मी ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. मला चौतीस पूर्ण आहेत, ऑगस्टमध्ये पस्तीस होतील. सप्टेंबरात साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनला उभी राहीन तेव्हा फॉर्मवर वयाच्या रकान्यात ३५ असेल. रकाना एकच, त्यात आकडे दोन. काकींना काय उत्तर द्यावं ते तेव्हा मला सुचलं नाही. पळता पळता मनात हिशेब मांडायला लागले आणि तो हिशेब गेले कित्येक आठवडे संपलेला नाही.

आमचं उंब्रज बाहेरच्यांना पुणे-बंगळूर महामार्गावरचं एक गाव म्हणून माहीत असतं. आमच्यासाठी ते संगमाचं गाव आहे, इथं तारळी कृष्णेला मिळते. पळायला मी चाफळच्या रस्त्याला लागते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या उंब्रजमध्ये, एक माजगावात, दोन चाफळला आणि एक शिंगणवाडीला. अकरातले पाच एवढ्याशा टापूत आहेत. समर्थ चाफळहून रोज उंब्रजला कृष्णेच्या स्नानाला येत, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. चाफळ इथून अकरा किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन बावीस. हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर असतं. समर्थांचा जन्म १६०८ चा आणि चाफळचं राममंदिर १६४८ चं. आख्यायिका खरी धरली तर चाळिशी गाठलेला माणूस रोज हाफ मॅरेथॉनपेक्षा जास्त चालत होता, तेही आंघोळीसाठी. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी ६,६०० किलोमीटर होतात. माझं वर्षभराचं पळणं त्याच्या आसपासही जात नाही.

मी पळायला लागले एकोणतिसाव्या वर्षी. तेव्हा वाटलं होतं, हा माझ्या एकटीच्या मनाचा खेळ. तिशी समोर दिसायला लागली, घरचे-दारचे मोजमाप करायला लागले, आणि मला काहीतरी स्वतःच्या पायांनी करून पाहावंसं वाटलं. पुढं एक अभ्यास वाचनात आला. ॲडम ऑल्टर आणि हाल हर्शफील्ड या दोघांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. २५ ते ६४ या वयातल्या, पहिल्यांदाच मॅरेथॉन पळणाऱ्या ५०० जणांची वयं त्यांनी पाहिली. या चाळीस वर्षांत नऊ आकड्यानं संपणारी वयं चारच, २९, ३९, ४९ आणि ५९. सरळ हिशेबानं असे ५० जण निघायला हवे होते. निघाले ७४. जवळजवळ दीडपट. पाचशे हा आकडा लहान आहे, त्यावरून साऱ्या जगाबद्दल बोलू नये, पण वाचताना मला माझं ते एकोणतिसावं वर्ष आठवलं. दशक बदलण्याच्या उंबऱ्यावर माणसं बूट शोधतात.

आणि मग असे एकोणतीसवाले जागोजाग दिसायला लागले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५,००० आणि १०,००० मीटर जिंकून झाल्यावर आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायला उतरला. वय २९. ती त्यानं २ तास २३ मिनिटांत जिंकली. आठ दिवसांत तीन सुवर्णपदकं. त्याच हेलसिंकीत, झाटोपेकच्या मॅरेथॉनच्या चारच दिवस आधी, आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं होतं. एकाच गावात, एकाच आठवड्यात हे दोघं वावरत होते, ही गोष्ट मला अजूनही थरारून सोडते. आणि फौजासिंग लंडनची मॅरेथॉन पहिल्यांदा पळाले ते २००० साली, ८९ व्या वर्षी. तेही नऊचेच.

माझी पहिली साताऱ्याची शर्यत २ तास ४१ मिनिटांची होती. गेल्या सप्टेंबरात, चार वर्षांनी मोठी झाल्यावर, २ तास १९ मिनिटं लागली. बावीस मिनिटं कमी. काकींच्या प्रश्नाच्या नेमकी उलटी दिशा.

या शर्यतीची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. उंब्रजहून आम्ही पहाटे चारला गाडी काढतो. साताऱ्यात गार वारा असतो, बहुतेक वेळा भुरभूर पाऊस. बोगद्यातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि कासच्या रस्त्यानं वर वर जात राहतो. ज्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याच्याच वाटेवर आपण धापा टाकत असतो. ही शर्यतही २०१२ मध्येच सुरू झाली. २०१५ साली एका डोंगरावर एका वेळी सर्वाधिक माणसं पळाल्याची गिनीज नोंद तिच्या नावावर झाली, २,६१८ जण. प्रत्येकी एकवीस किलोमीटर धरले तर त्या सगळ्यांनी मिळून ५५ हजार किलोमीटर कापले. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. रविवारच्या एका सकाळी, दुपारच्या जेवणाआधी, साताऱ्याच्या एका घाटात माणसांनी मिळून पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली आणि दुसरीचा तिसरा हिस्साही पार केला.

आता एकाच अंगाचा हिशेब पाहू. माझी पावलं मिनिटाला सुमारे १६५ पडतात. १३९ मिनिटांत जवळपास २३ हजार पावलं. पळताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा जमीन आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं पायाला उलट रेटते. माझं वजन ५८ किलो. अडीच पट धरली तर दर पावलाला १४५ किलो. २३ हजार पावलांचे झाले ३,३०० टनांहून जास्त. आमच्याकडं टनाची भाषा उसाचीच. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये वीस टन ऊस धरा. १६६ ट्रॅक्टर! एकाची लांबी अठरा मीटर धरली तर कारखान्याच्या वाटेवर तीन किलोमीटरची रांग. एवढं ओझं या दोन पायांनी घाटात झेललं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना थोडं दुखलं, इतकंच.

त्या दिवशी हृदयाचे ठोकेही मिनिटाला सरासरी १६५ च्या आसपास होते. म्हणजे जितकी पावलं तितकेच ठोके, २३ हजार. पळताना छाती आणि पाय एकाच तालात आहेत असं वाटतं, ते नुसतं वाटणं नव्हतं. मिनिटाला सोळा लिटर रक्त धरलं तरी शर्यतभरात हृदयानं २,२०० लिटर ढकललं. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाक्या चार भरून वर उरेल एवढं. अंगात रक्त असतं चार-साडेचार लिटर, तेच फिरून फिरून. हवा लागली सुमारे नऊ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर जवळजवळ भरेल. ही हवा फुप्फुसात जिथं रक्ताला भेटते तो पृष्ठभाग उलगडून अंथरला तर सुमारे ७० चौरस मीटर भरतो. पाऊण गुंठ्याला थोडासा कमी. प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेली एवढी जमीन आहे, सातबाऱ्यावर नसलेली.

टँकर म्हटलं की आमच्या जिल्ह्यात माण तालुका आठवतो, आणि माण म्हटलं की ललिता बाबर. मोहीसारख्या दुष्काळी गावातली ही मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, तिसरी वेळ २०१४ ची. मग तिनं ४२ किलोमीटर सोडून ३,००० मीटर स्टीपलचेस धरली, २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. २०१६ मध्ये रिओला प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली भारतीय महिला. वय २७.

सत्तावीस! इथं काकींचा प्रश्न परत येतो. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या निकालांवरच्या एका अभ्यासात सर्वांत वेगवान वय पुरुषांचं २७ आणि स्त्रियांचं २९ निघालं होतं. मी पळायला सुरुवात केली तेच माझं शिखर, असं त्यावरून म्हणता येईल. पण शिखरावरून उतरण्याचा उतार किती, ते पाहिलं पाहिजे. घाटात पळणाऱ्याला शिखरापेक्षा उताराची जास्त माहिती लागते.

वयाबरोबर हृदयाचे कमाल ठोके कमी होतात. २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा करायचे, असं एक सूत्र आहे. २९ व्या वर्षी १८८, ३४ व्या वर्षी १८४. पाच वर्षांत साडेतीन ठोके गेले. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते बसून राहणाऱ्या माणसात तिशीपासून दशकाला सुमारे १० टक्क्यांनी उतरतं. व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट जवळपास निम्मी. म्हणजे वर्षाला एक टक्का, किंवा अर्धा. एवढ्यासाठी आपण तिशीत स्वतःला म्हातारं म्हणायला लागतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. हेरिटेज नावाच्या एका मोठ्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांना २० आठवडे सायकल चालवायला लावली होती. त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता मिनिटाला सरासरी ४०० मिलिलिटरनं वाढली, पंधरा टक्क्यांहून जास्त. सगळ्यांची सारखी नाही. काहींची जवळजवळ हललीच नाही, काहींची लिटरभर वाढली. पण सरासरी पाहिली तर दहा वर्षांत जे जायचं त्याहून जास्त वीस आठवड्यांत आलं. वीस आठवडे म्हणजे १४० दिवस. माझ्या बावीस मिनिटांचं गुपित हेच आहे. त्यात कर्तबगारी कमी आणि सातत्य जास्त. २९ व्या वर्षी माझं शरीर शिखरावर होतं, पण त्या शिखरावर मी कधी चढलेच नव्हते. एलिउड किपचोगेनं बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. तो कुठल्या मातीचा बनलाय देव जाणे, पण ३७ हा आकडा आपलाच आहे.

मला सगळ्यात जास्त गुंगवून टाकणारी गोष्ट याच्या पुढं आहे. फॉर्मवर मी ३५ लिहीन, पण ३५ वर्षांचं नक्की काय आहे?

हृदयाच्या स्नायूच्या पेशींपासून सुरू करू. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की पंचविशीत या पेशी वर्षाला जेमतेम एक टक्का बदलतात आणि पुढं त्याहून कमी. म्हणजे माझ्या हृदयातल्या बहुतेक पेशी आईच्या पोटात होते तेव्हापासूनच्या. त्यांनी आजवर १३० कोटींहून जास्त ठोके दिलेत. टाचेमागची जाड शीर, जिला अकिलीस टेंडन म्हणतात, तिचा गाभा तर साधारण सतराव्या वर्षानंतर बदलतच नाही. हे शोधायची रीत विलक्षण होती. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत वातावरणात जे अणुस्फोट झाले, त्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला. तो पिकात, अन्नात, माणसात उतरला. कुठल्या वर्षी हवेत तो किती होता ते ठाऊक असल्यानं डेन्मार्कच्या संशोधकांना शिरेतल्या कार्बनवरून ती कधी घडली ते सांगता आलं. म्हणजे यवतेश्वरच्या चढाला मला वर उचलणारी ही शीर बारावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीची आहे. तिच्याशी मी म्हणूनच जपून वागते. पळून आल्यावर पोटऱ्या ताणण्यात पाच मिनिटं मोडतात, ती कधी चुकवत नाही.

हाडांचं तसं नाही. सांगाड्यातला सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी झिजवून नव्यानं भरला जातो. म्हणजे हाडं सरासरी दहा वर्षांच्या आतली.

आणि रक्त? तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. मग प्लीहा आणि यकृत तिला मोडून टाकतात. अशा मोडलेल्या पेशींची जागा भरायला हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या पेशी सोडत असतो. हा आकडा मी दोन-तीनदा तपासला. सेकंदाला चोवीस लाख. १३९ मिनिटांच्या त्या शर्यतीत बंदुकीच्या बारापासून शेवटच्या रेषेपर्यंत माझ्या अंगात २,००० कोटी नव्या तांबड्या पेशी जन्मल्या. आज पृथ्वीवर जितकी माणसं आहेत त्यांच्या दुपटीहून जास्त. लोखंड मात्र जुनंच. या कामाला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं, त्यातलं जेवणातून येतं एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं मोडलेल्या पेशींतून काढून परत वापरलं जातं. गावचा लोहार जुन्या कुदळीचं लोखंड तापवून नवा विळा घडवतो, तसं हे रात्रंदिवस चालू असतं.

मी तयारी मेच्या मध्यावर सुरू करते, शर्यत सप्टेंबरात. मधले दिवस एकशेवीसच्या आसपास. म्हणजे ज्या रक्तानं मे महिन्यात मी चाफळच्या रस्त्याला पहिले पाच किलोमीटर धापा टाकत काढते, त्यातली क्वचितच एखादी तांबडी पेशी साताऱ्याच्या सुरुवातीच्या रेषेवर उरलेली असते. तिथं उभं असतं ते सगळं नवं रक्त, पावसाळ्यात घडलेलं.

पावसाळ्यावरून कोयनेचा विचार मनात आला आणि एका संध्याकाळी कागद घेऊन बसले. आरामात असलेलं मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. दिवसाला ७,२०० लिटर. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या थोडी वर होती. लहान पोरांची हृदयं लहान, राबणाऱ्यांची जास्त चालणारी, हे एकमेकांत वळतं करून सगळ्यांना सारखंच धरलं. तीस लाख गुणिले ७,२०० म्हणजे दिवसाला २,१६० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. तेव्हा आमच्या जिल्ह्यातली हृदयं रोज पाऊण टीएमसीहून थोडं जास्त रक्त ढकलतात. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. भागाकार केला. १३८ दिवस.

मी तो भागाकार पुन्हा केला. १ जूनपासून मोजले तर १३८ वा दिवस १६ ऑक्टोबरला येतो. पाऊस कोयना भरायला जेवढे महिने घेतो, जवळपास तेवढ्याच दिवसांत साताऱ्याच्या माणसांची हृदयं, झोपेत, शेतात, वर्गात, एसटीच्या रांगेत, कुणालाही न कळता कोयनेएवढं रक्त फिरवतात. आणि तेवढ्याच दिवसांत एखाद्या बसून राहणाऱ्या माणसाच्या छातीत दशकभराची भरपाई होऊ शकते. यातला एक आकडा धरणाचा, एक रक्ताचा, एक व्यायामाचा. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला ते ठाऊक आहे. तरी तो कागद मी फेकला नाही, देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलाय.

आणखी एक हिशेब काकींसाठी केला, कारण त्या दिवशी त्या पुढं म्हणाल्या होत्या, “देवानं श्वास मोजून दिल्यात, उगा पळून कशापायी खर्चायचे?” ठोक्यांचं गणित करून पाहिलं. पळायला लागायच्या आधी आरामात माझे ठोके मिनिटाला ७६ असायचे, आता ६६ असतात. दहा ठोके वाचले, दिवसाला १४,४००. तासभर पळताना मिनिटाला ऐंशीएक जास्त पडतात, म्हणजे ४,८०० जादा खर्च. आठवड्यातून चारदा पळते, खर्च १९,२००. बचत एक लाखावर. आठवड्याला ऐंशी हजारांहून जास्त ठोके शिल्लक, वर्षाला बेचाळीस लाख. ठोके मोजून मिळालेले नसतात हे खरं, पण मोजून मिळालेले असते तरी पळणारा फायद्यातच राहिला असता.

परवा संध्याकाळी काकी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग त्यांना आवडली. कोयनेचं ऐकून त्या नुसत्या “अगं बया” म्हणाल्या. मग त्यांनी मनगट पुढं केलं. “माझं बघ बरं.” मी घड्याळ लावून मोजले, बहात्तर. वय त्यांचं चौसष्ट. फोनवर गुणाकार करून सांगितला. जन्मापासून आजवर २४२ कोटी ठोके. त्यांना कोटी फारसे भिडले नाहीत. त्या दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबल्या होत्या.

“आन् रगत चारच महिन्याचं म्हणतीस?”

“तांबड्या पेशी. हो.”

“माझ्याबी अंगातलं?”

“तुमच्याही.”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि बोटांवर महिने मोजले. आखाड, श्रावण, भादवा, अश्विन. “म्हंजी ह्या आखाडातलं रगत दिवाळीला ऱ्हात न्हाई म्हण की.” मग मनगट उलटं करून त्या वरच्या निळ्या शिरा बराच वेळ बघत राहिल्या. मी बूट घ्यायला आत गेले.